तिसरी स्टेज परत येत नाही

रॉकेटला गिअर असतात का, हा प्रश्न वर्तकनगरातल्या त्या सोसायटीत तोवर कुणालाच पडलेला नव्हता. पाण्याची वेळ, पार्किंग आणि कबुतरं या तीन प्रश्नांवर सोसायटीचा गाडा उत्तम चाललेला होता. चौथा प्रश्न स्वप्नाने आणला, आणि तोही एका खोलीपायी.

खोली तळमजल्यावरची, पाण्याच्या पंपाशेजारची. आत गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोल, तीन पायांची एक खुर्ची आणि कधीच न लागणाऱ्या दिव्यांच्या माळा. एम.एस्सी. फिजिक्स झालेल्या स्वप्नाला तिथे दर रविवारी पोरांसाठी विज्ञानाचा वर्ग चालवायचा होता. सेक्रेटरी हरिहरकाकांना तिथे ज्येष्ठांसाठी कॅरम हवा होता.

"मुलांना शाळेत विज्ञान असतंच," मीटिंगमध्ये काका म्हणाले. "आम्हाला शाळा नाही."

हा मुद्दा बिनतोड होता. स्वप्ना मात्र हटली नाही. म्हणाली, "काका, शाळेत पाठ करतात. मी समजावणार. अख्खं रॉकेट मी नुसत्या सायकलवरून समजावून देईन."

"सायकलवरून? सायकलला गिअर असतात. रॉकेटला असतात का?"

"नसतात."

"नसतील कसे? वेग वाढतो ना त्याचा? गिअर न टाकता वेग वाढवलेली एक गाडी मला दाखव." काकांनी आयुष्यभर स्कूटर चालवली होती आणि विश्वाकडे ते तिच्याच हँडलवरून बघत. "आणि क्लच कुठे असतो, तेही सांग."

मीटिंग अर्थातच काकांच्या बाजूने हसली. शेवटी असं ठरलं, की सोसायटीच्या वर्धापनदिनाला स्वप्नाने रॉकेटवर भाषण द्यावं. लोक शेवटपर्यंत बसून राहिले तर खोली विज्ञानाला. लोक उठले तर कॅरमला.

"बसून राहिले तर," काकांनी बोट वर करून पुन्हा सांगितलं. स्वप्नाने मान डोलावली. नेमक्या शब्दांबद्दल तिला आदरच होता. 'चहात साखर थोडी' असं कुणी म्हटलं तरी ती अस्वस्थ व्हायची. थोडी म्हणजे किती, हे ठरल्याशिवाय तिचा चमचा हलत नसे. नेमकं बोललं की गैरसमज होत नाहीत, अशी तिची तेव्हा ठाम समजूत होती.

भाषण तिच्या डोक्यात तयारच होतं. सायकलवर चढ चढताना आपण हलका गिअर टाकतो. पाय भराभर फिरतात, दम जातो, पण सायकल चढते. सपाटीला आलो की जड गिअर. पाय सावकाश, पण प्रत्येक फेरीत पल्ला मोठा. रॉकेटचंही तेच. जमिनीवरून उठताना त्याला दांडगा रेटा लागतो. मग तिथे इंधनाची उधळपट्टी चालते. वर गेल्यावर रेटा कमी चालतो, पण इंधन पुरवून वापरावं लागतं. फरक एकच. रॉकेटला गिअर बदलता येत नाही, म्हणून ते गिअर बदलायच्या जागी अख्खी सायकलच टाकून देतं आणि तिच्या पोटातून दुसरी, लहान सायकल बाहेर काढतं.

हे वाक्य तिला इतकं आवडलं होतं, की तिने ते घरी बाबांना दोनदा ऐकवलं. चांगदेवराव पेपर खाली न करता म्हणाले, "पहिल्या सायकलचं काय होतं?"

"समुद्रात पडते."

"चांगली सायकल?" चांगदेवरावांनी पेपर खाली केला. "कुणी उचलत नाही?"

आता एक गिअरची सायकल हवी होती. सोसायटीत सायकली तीन. एकीला गिअर नव्हते, दुसरीला सीट नव्हतं आणि तिसरी तीन चाकांची होती. स्वप्नाने डोंबिवलीला मामेभावाला, सुमितला, फोन लावला.

"अगं घेऊन जा ना! एकवीस गिअर आहेत तिला," सुमित म्हणाला. "गॅलरीतच आहे. आई टॉवेल वाळत घालते तिच्यावर."

"सगळे गिअर चालतात?"

"एकवीस लिहिलेत. चालवून कुणी बघितलेत?"

सायकल ठाण्याला कशी आणायची, यावर सोसायटीचं मत घेण्याची गरज नव्हती. ते आपणहून आलं. एकाचं म्हणणं टेम्पो कर. दुसऱ्याचं, सुटी करून पोत्यात घाल आणि रिक्षाने आण. पहिल्या मजल्यावरच्या शीलाकाकू म्हणाल्या, "बसमध्ये घाल, पण कंडक्टरला आधी सांगू नकोस. आत गेल्यावर सांग." स्वप्नाने सगळ्यांचे आभार मानले आणि सायकल चालवत आणायचं ठरवलं. खाडीवर नवा पूल झालेला होता. मोठागावातून पुलावर चढायचं, माणकोलीला उतरायचं, मग हायवेने माजिवडा आणि घर. नकाशावर हा रस्ता अगदी सपाट दिसत होता. नकाशे सपाटच असतात, हे फिजिक्सच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

पुलाच्या चढाला लागल्यावर तिने गिअरचा खटका हलका करायला दाबला. आत कुठेतरी 'कट्' असा समाधानकारक आवाज झाला आणि पायडल दगडासारखं जड झालं. तिने उलट्या बाजूला दाबला. खटका हातात आला. सायकल सर्वांत जड गिअरमध्ये कायमची बसली.

सकाळी पुलावर फिरायला येणारी मंडळी सल्ल्याच्या बाबतीत फार उदार असतात.

"हलका टाका, हलका!" एक आजोबा पांढऱ्या बुटांतून ओरडले.

"तोच पडलाय, आजोबा!" स्वप्नाने हातातला खटका दाखवला.

"उभी राहून मार ना, ताई!" स्कूटरवरून जाणारा एकजण म्हणाला. ती उभी राहिली. सायकलही उभी राहिली, जागच्या जागी. घाम मात्र धो धो चालू होता. आणि त्या अवस्थेत, दोन्ही पाय थरथरत असताना, स्वप्नाला परमानंद झाला. हेच ते! रॉकेट जेमतेम वजनाइतक्याच रेट्यावर सोडलं तर असंच होणार. इंधन जळत राहील, आणि रॉकेट जमिनीपासून वीतभर वर नुसतं तरंगत राहील! हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि माणकोलीच्या पुलावर अंगावर येणं वेगळं. ती खाली उतरली आणि हसत हसत सायकल ढकलू लागली. आजोबांनी तिच्याकडे काळजीने पाहिलं आणि बायकोला हळूच म्हणाले, "ऊन लागलंय."

घरी पोहोचेपर्यंत दुपार झाली. सायकल हॉलमध्ये आली. जागा एकच होती, बाबासाहेबांच्या फोटोखालची. चांगदेवराव म्हणाले, "भिंतीला चाक लावू नकोस. अन् आधी पूस तिला, मग तिथे उभी कर." मग जवळ येऊन त्यांनी सायकलची घंटी वाजवली. ती वाजली. "एवढं चांगलं आहे," ते म्हणाले.

याच पुसण्याच्या वेळी तो फोन आला, आणि पुढचं सगळं त्याच फोनमुळे झालं.

झालं असं होतं, की स्वप्नाने हरिहरकाकांना सांगितलेलं, "मंडपवाल्याकडून पुठ्ठ्याचं एक रॉकेटही करून घ्या." काका 'हो' म्हणाले आणि मंडपवाल्याला एवढंच सांगितलं, की स्वप्नाला स्टेज पाहिजे, कसं ते तिलाच विचार. मंडपवाले भिवाजी चेंदणी कोळीवाड्यातले. खाडीत मासळी आटत गेली तसा त्यांनी मंडप वाढवत नेला. दिलेला शब्द आणि बांधलेली गाठ दोन्ही सुटत नाहीत, अशी त्यांची ख्याती. स्वप्नाचे हात ग्रीसने काळे होते. तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, भिवाजी बोलतंय, मंडपवाला. हरिहर साहेब बोलले तुमाला इचारा. स्टेज केवरी पायजे?"

स्वप्ना हरखली. महिनाभर ती सगळ्यांना रॉकेट समजावत होती, पण नेमका प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. इथे एक मंडपवाला थेट स्टेजबद्दल विचारत होता.

"तीन," ती म्हणाली.

"तीन?"

"तीन स्टेज. एकावर एक. सगळ्यात खाली मोठी, तिच्यावर मधली, आणि वर एकदम छोटी."

"वर मानूस चढनार काय?"

"हो, माणूस सगळ्यात वर."

"मंग मजबूत कराला लागंल."

"मजबूत तर हवंच. आणि हे बघा, पहिल्या स्टेजचं काम अगदी सुरुवातीला असतं. ते झालं की ती लगेच सोडून द्यायची."

"म्हंजे परोगराम चालू असताना आमी खालची नेली तरी चालंल?"

"चालेल काय, काढायलाच हवी! नाहीतर उगाच ओझं. मग थोड्या वेळाने दुसरी."

"बरा झाला," भिवाजींचा आवाज एकदम मोकळा झाला. "कल्यानला त्याच दिशी हळद हाय, त्यांना मोठीच पायजे व्हती. आन तिसरी कवा नेवाची?"

कल्याणच्या हळदीचा रॉकेटशी काय संबंध, असा एक विचार स्वप्नाच्या मनात आला. पण तेवढ्यात चेन निसटून तिच्या अंगठ्यावर पडली आणि विचार राहून गेला.

"तिसरी?" अंगठा तोंडात घालत ती म्हणाली. "तिसरी परत येत नाही. ती वरच राहते."

"कायमची?"

"कायमची."

"शिकल्याल्या मानसांचा येगलाच असतंय," भिवाजी आदराने म्हणाले आणि फोन ठेवला.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी स्वप्ना शिकवणीच्या क्लासवरून घाईघाईने आली आणि गेटातच थांबली. दोन इमारतींच्या मधल्या पटांगणात एक प्रचंड स्टेज होतं. त्या स्टेजवर एक स्टेज होतं. आणि त्याच्यावर, शीलाकाकूंच्या खिडकीच्या बरोबरीने, लाल गालिचा अंथरलेलं चौरंगासारखं तिसरं स्टेज होतं. बाजूला शिडी होती. भिवाजी शिडीशी हात बांधून उभे होते. आपण बांधलेलं कुणीतरी नीट बघावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुमी सांगलाव तसाच केलाय," ते म्हणाले. "मानूस सगल्यात वर."

"आणि पुठ्ठ्याचं रॉकेट?" स्वप्नाने क्षीण आवाजात विचारलं.

"कनचा रॉकेट?"

स्वप्नाने डोळे मिटले. तो फोन तिला पहिल्या शब्दापासून आठवला. एकही शब्द चुकलेला नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं.

खुर्च्या भरलेल्या होत्या. हरिहरकाका पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर हात ठेवून, 'बसणे' म्हणजे काय याचा आदर्श घालून देत होते. आता मागे फिरणं म्हणजे खोली गेली. स्वप्ना शिडी चढली. सोसायटीच्या गोविंदा पथकातल्या पोरांनी सायकल हातोहात वर दिली. टेंभी नाक्याला थर लावलेली पोरं ती, त्यांना हे काहीच नव्हतं. वर सायकल स्टँडवर लावल्यावर उभं राहायला जेमतेम दोन पावलांची जागा उरली.

"चहा घेतेस का गं?" खिडकीतून शीलाकाकूंनी विचारलं.

"नंतर, काकू."

"आल्याचा आहे."

माइकवर हे सगळं सगळ्यांना ऐकू गेलं. खाली हशा पिकला. माना वर करून बसलेली मंडळी मानेला हात लावू लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज येतोय, पण वक्ता दिसत नाय!"

स्वप्नाने घसा खाकरला. "रॉकेट सुटतं तेव्हा," ती म्हणाली, "त्याला पहिला गिअर हवा असतो. म्हणजे, गिअर नसतोच, पण तसं समजा." ती सायकलवर बसली, पायडल मारून मागचं चाक फिरवायला गेली. नीट न बसलेली चेन अडकली आणि पायडल हललं नाही. तिने जोर लावला. सायकल हलली, तिसरी स्टेज हलली, शीलाकाकूंची खिडकी सोडून सगळंच हललं.

"क्लच दाब!" हरिहरकाका ओरडले.

"क्लच नसतो, काका!"

"म्हणून तर!"

दुसऱ्या रांगेतले दोघं घड्याळाकडे बघून किंचित पुढे सरकले. उठण्याच्या आधी माणसं अशी सरकतात. आणि तेवढ्यात गेटातून ट्रक आत आला. भिवाजींनी माणसांना हाक दिली. दोघांनी शिडी काढून ट्रकात टाकली आणि बाकीचे खालच्या स्टेजच्या फळ्यांना भिडले.

"ओ भिवाजीकाका!" स्वप्ना वरून ओरडली. "काय करताय?"

"पयली सोडतंय!" भिवाजी खालून ओरडले. "तुमीच बोललाव, कामा झाला की सोडाची! कल्यानला हळद लावून बसलीत मानसं!"

"पण मी वर आहे!"

"मानूस वरच ऱ्हातंय, तुमीच बोललाव!"

सायकल घट्ट धरून स्वप्ना उभी राहिली. खालचं स्टेज काढायचं तर वरची दोन्ही आधी उचलून खाली घ्यायला हवीत, आणि ती सहा माणसांच्या आवाक्यातली नव्हती. गोविंदा पथकाचा सुदेश पुढे आला. "अरे बघता काय, हात लावा ना! पोरगी पडेल!" मग पथक उठलं. त्यांचं बघून त्यांचे बाप उठले. चांगदेवराव तर केव्हाच धावले होते. दुसऱ्या रांगेतले घड्याळवाले उठले. शेवटी पटांगणात बसलेले फक्त हरिहरकाका उरले, आणि सगळे उभे राहिल्यावर बसलेल्या माणसाला काहीच दिसत नाही, म्हणून तेही उठले. मागच्या अंगाला त्यांनी खांदा लावला.

"सावकाश! एक, दोन..."

"असं नाही!" स्वप्ना वरून नकळत ओरडली. "उलटं मोजतात!"

"तीन, दोन, एक!" अख्खी सोसायटी गरजली, आणि दोन स्टेज, एक सायकल व एक एम.एस्सी. असं सगळं बाजूला सरकत, डुलत डुलत जमिनीवर आलं. वजनाचा अंदाज घेत सुदेश धापा टाकत म्हणाला, "अगं ताई, म्हणजे हे थरच की! खालचा थर जाड्या पोरांचा, वर टिंगू. फक्त तुमच्यात खालचा सटकला तरी वरचा पडत नाय."

"अगदी बरोबर!" स्वप्ना माइक न घेताच म्हणाली. "कारण तोवर वरच्याला वेग मिळालेला असतो. आणि खालचं ओझं गेलं म्हणून तो आणखी वेगाने जातो. आता उचलताना तुम्हाला जड लागलं ना? खालची स्टेजही धरून उचलली असती तर?"

"मेलो असतो."

"रॉकेटही मरतं. म्हणून सोडून देतं."

चांगदेवराव हळूच म्हणाले, "म्हणून ती सायकल समुद्रात टाकतात होय. मी म्हणत होतो, चांगली सायकल."

यानंतर भाषण असं राहिलंच नाही. मधलं स्टेज डोंबिवलीच्या एका वाढदिवसाला जायचं होतं. ते काढताना लोकांनी आपणहून उलटं मोजलं. कुणी विचारलं, वर गेल्यावर लहान इंजिनाने कसं भागतं. स्वप्ना म्हणाली, "चढ संपला की जड गिअर चालतो." आणि माणकोलीचा पूल, हातात आलेला खटका, पांढऱ्या बुटांचे आजोबा, सगळं साभिनय करून दाखवलं. शीलाकाकू आल्याचा चहा घेऊन खाली आल्या. शेवटी स्वप्ना चौरंगासारख्या तिसऱ्या स्टेजवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेली होती, आणि बाकी सोसायटी तिच्याभोवती उभी होती.

उभी. हे हरिहरकाकांच्याच लक्षात आलं.

"कार्यक्रम छान झाला," ते म्हणाले. "मनापासून सांगतो. पण लोक उठले. एकूण एक. मी स्वतः उठलो."

"काका, स्टेज उचलायला उठले!"

"का उठले, हे ठरलं नव्हतं. बसून राहिले तर, असं ठरलं होतं. नेमका शब्द आहे."

लोकांनी आरडाओरडा केला. स्वप्नाला दुसऱ्या कुणाशीही भांडता आलं असतं. नेमक्या शब्दाशी भांडता येईना. तिने सायकल घेतली आणि घरी गेली. रात्री तिने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. चांगदेवरावांनी एकदा घंटी वाजवून पाहिली, पण उपयोग झाला नाही.

तिसरी स्टेज मात्र पटांगणातच राहिली. गाड्या लावायला अडचण नको म्हणून मंडळींनी ती तात्पुरती उचलली आणि पंपाशेजारच्या खोलीत घातली. आतली अडगळ बाहेर काढून, ती तिरकी करून, दरवाजाची एक पट्टी उचकटून, कशीबशी आत गेली, आणि आत गेल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत अशी काही बसली, की जणू खोली तिच्या मापाने बांधली होती. दुसऱ्या दिवशी हरिहरकाकांनी भिवाजींना फोन केला.

"अहो, तुमचं स्टेज राहिलंय इथे. घेऊन जा."

"ती तिसरी," भिवाजी म्हणाले. "ती परत येत नाय, साहेब."

"म्हणजे काय?"

"मना काय म्हाईत? मॅडमनी सांगलाय, कायमची. जुनीच व्हती, बसवा पोरांना तिच्यावर. दिलेला शब्द आमी फिरवत नाय." आणि फोन बंद.

रविवारी सकाळी हरिहरकाका बगलेत कॅरम बोर्ड घेऊन खोलीपाशी आले. दार उघडं होतं. लाल गालिच्यावर सोसायटीची पोरं दाटीवाटीने मांडी घालून बसली होती आणि स्वप्ना कोपऱ्यात खटका तुटलेली सायकल घेऊन उभी होती. काकांनी सगळीकडे नजर फिरवली. कॅरमचा स्टँड मांडायला कुठेही जागा नव्हती. हातभरही नव्हती.

काका थोडा वेळ दारात थांबले. मग त्यांनी बोर्ड भिंतीला टेकवला, चपला काढल्या आणि तिसऱ्या स्टेजच्या कडेला बसले.

"हे बघ, मी बसलोय," ते म्हणाले. "शेवटपर्यंत. सुरू कर. पण पहिल्या गिअरमध्ये."